नोकरी गेल्यावर ‘हॉटेलिंग कमी करा’ म्हणजे नक्की काय करू?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत ‘अचानक नोकरी गेली तर घरखर्च कसा सांभाळाल’ असा लेख होता, तो मी दोनदा वाचला आणि आमच्या ह्यांनाही वाचायला दिला. हे म्हणाले ‘यातलं आपल्याला लागू होणारं एक सांग’. मला खरंच एकही सापडलं नाही. आठवड्यातलं हॉटेलिंग एकावर आणा, ओटीटीची सबस्क्रिप्शन बंद करा, सहा महिन्यांच्या पगाराइतका इमर्जन्सी फंड आधीच तयार ठेवा, विकेंडच्या ट्रिपा टाळा. अहो आमच्या घरात ११ माणसं आहेत. सासूसासरे, विधवा आत्या, आम्ही दोघं, दीर जाऊ आणि दोघींची मिळून चार मुलं. आम्ही सगळे एकदम शेवटचे हॉटेलात गेलो ते धाकट्याच्या जावळाला असेल, आणि तेही हॉटेल नव्हतं, हॉल होता.

रागाने लिहितेय असं वाटेल, थोडी रागावलेही आहे, पण मुद्दा वेगळाय. असले लेख लिहिणाऱ्यांच्या डोक्यात घर म्हणजे चार माणसं, एक पगार मोठा, एक त्याहून थोडा लहान, आणि खर्चात चरबी भरपूर. मोठ्या घरात चरबी आधीच काढलेली असते. आमच्याकडे पंधरा किलोचा तेलाचा डबा दीड महिना पुरतो तो पुरवावा लागतो म्हणूनच पुरतो, गहू एप्रिल मे मधे वर्षाचा भरून ठेवतो, भाजी संध्याकाळी नाशिकच्या पंचवटीच्या मार्केट यार्डातून दीर टेंपो घेऊन येताना आणतात, मोठ्याची पुस्तकं धाकट्याला, धाकट्याचा स्वेटर शेजारच्यांना. यातून अजून काय काटणार? फार तर महिना दोन महिने ओढाताण करून हजार दोन हजार वाचतात आणि मग तिथेच तळ लागतो. त्यामुळे नोकरी गेल्यावर मोठ्या घराचा पहिला प्रश्न ‘काय कमी करू’ हा नसतोच मुळी, ‘आपले हक्काचे कुठे कुठे अडकलेत आणि ते कुठल्या क्रमाने सोडवायचे’ हा असतो. त्यावर तुमच्या लेखात एक ओळ नव्हती.

आमचं सांगते. हे इथल्याच अंबडच्या एका कंपनीत १४ वर्षं होते, गाड्यांचे पार्ट बनवणारी, नाव नाही लिहीत. सगळं धरून पगार साडेवीस हजार, हातात अठराच्या आसपास. २०२४ च्या दिवाळीनंतर ऑर्डर कमी झाल्या म्हणून पंधरा वीस जणांना बोलवून सांगितलं की राजीनामा लिहून द्या म्हणजे फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशोब, लगेच करतो, नाहीतर अडकेल. बरेच जण घाबरून लिहून मोकळे झाले. आमच्या गल्लीत एक जुने युनियनवाले काका राहतात त्यांनी ह्यांना रात्रीच बजावलं होतं की काहीही झालं तरी स्वतःच्या हाताने राजीनामा लिहायचा नाही, काढताय तर तसं पत्र द्या म्हणायचं. हे तसे गरीब स्वभावाचे पण त्या दिवशी अडून बसले आणि पत्र घेऊनच बाहेर पडले.

त्या एका कागदाने किती फरक पडला ते ऐका. कामावरून कमी केलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय भरलेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार अशी भरपाई मिळते. राजीनामा दिला की हे गेलं, कारण कागदावर तुम्ही तुमच्या मर्जीने गेलात. ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळते, पाच वर्षं झालेली असली की, आणि तिचा हिशोब आपला आपल्याला करता येतो: शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून जो असेल त्याला २६ ने भागा, १५ ने गुणा, मग वर्षांनी गुणा. ह्यांचा १३,००० होता, म्हणजे वर्षाला ७,५००, चौदा वर्षांचे १,०५,०००. कंपनीने पहिल्यांदा सांगितलेला आकडा याच्या बराच खाली होता. जाऊबाईंच्या मुलीने मोबाईलवर हिशोब करून दाखवला, तो कागद घेऊन हे परत गेले, तेव्हा ‘चेक करतो’ म्हणाले. ३० दिवसात द्यायची असते, नाही दिली तर कायद्याने अर्ज करता येतो. आम्हाला अर्जापर्यंत जावं लागलं नाही पण अर्ज करता येतो हे माहिती असल्याचं बोलण्यातून कळू दिलं, तेवढं पुरलं.

दुसरं ईएसआय, म्हणजे कामगार विमा. ज्यांचा पगार महिना २१,००० पर्यंत त्यांचा ईएसआय कापला जातो, आणि बहुतेकांना वाटतं नोकरी सुटली की कार्ड संपलं. तसं नाहीये. एप्रिल ते सप्टेंबर मधे जी वर्गणी कापली जाते तिच्यावर पुढच्या जानेवारी ते जून उपचार मिळतात, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. म्हणजे ह्यांची नोकरी नोव्हेंबरात गेली तरी जूनपर्यंत सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या दवाखान्यातून मिळत राहिल्या. आमच्या घरात नुसत्या गोळ्यांचे महिन्याला अडीच हजार होतात, तेव्हा हे ‘नुसतं’ नाहीये. आणि त्याच खात्याची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, २०१८ पासून, मुदत वाढवत वाढवत चालू ठेवतात. नोकरी गेली तर रोजच्या सरासरी पगाराच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. अटी आहेत, दोन वर्षं नोंदणी हवी, ठराविक दिवसांची वर्गणी हवी, आणि गैरवर्तनाने किंवा स्वतःहून निवृत्ती घेऊन बाहेर पडलेला नको. आम्हाला तीसेक हजार आले. ह्यांच्याबरोबर निघालेल्यांपैकी बहुतेकांनी या योजनेचं नाव सुद्धा ऐकलेलं नव्हतं. दरमहा पगारातून कापून जातात हो, कुणी फुकट देत नाहीये.

मग पीएफ. तेव्हाचा नियम होता की महिनाभर बेकार राहिलात तर ७५ टक्के, दोन महिन्यांनी उरलेले. ऑक्टोबर २०२५ मधे ईपीएफओच्या (पीएफचं सरकारी खातं) विश्वस्त मंडळाने तो बदलायचं ठरवलं, ७५ टक्के लगेच आणि पूर्ण रक्कम १२ महिन्यांनी, त्यामुळे आता कुणाला काढायचे असतील त्यांनी चालू नियम आधी बघावा. पण खरी अडचण नियमाची नसते, नावाची असते. आधारवर ह्यांच्या वडिलांच्या नावापुढे ‘राव’ आहे, पीएफला नाही. क्लेम रिजेक्ट. ते दुरुस्त करायला आम्हाला कंपनीची सही लागली, आणि ज्या कंपनीने काढलंय तिच्या दारात सहीसाठी जाऊन उभं राहायचं म्हणजे काय ते ज्याला जावं लागतं त्यालाच कळतं. दुसरं, कंपनी सोडल्याची तारीख भरत नाही. ती तारीख शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी आपली आपल्याला पोर्टलवर भरता येते हे आम्हाला सायबर कॅफेवाल्याने सांगितलं, बिचाऱ्याने ५० रुपये घेतले पण अख्खं काम केलं. माझं आजच्या सगळ्या नोकरदारांना सांगणं आहे की नोकरी चालू असतानाच, आज रात्री जेवणं झाल्यावर, आधार आणि पीएफ वरचं नाव, जन्मतारीख शेजारी शेजारी धरून बघा. नोकरी असताना एचआर वाला हसून सही देतो. आणि दहा वर्षांच्या वर सर्विस झाली असेल तर पेन्शनचा भाग असा काढता येत नाही, तो पुढे पेन्शन म्हणूनच येतो, ते पैसे हिशोबात धरू नका. पेन्शन म्हणजे किती तर सासऱ्यांना आज १,९०० मिळतात, किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयांवर उभं आहे. असो.

सोनं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. नोकरी गेल्याचं कळल्यावर विचारपूस करायला जेवढे आले (आणि किती आले म्हणून सांगू, त्या महिन्यात दूध रोज अर्धा लिटर जास्त लागलं) त्यातल्या निम्म्यांनी पहिला सल्ला हाच दिला, सोनं कशासाठी असतं, अडचणीसाठीच ना. एका नात्यातल्याने तर स्वतःच तीन टक्क्याने देतो म्हणून सांगितलं. तीन टक्के म्हणजे महिन्याला! वर्षाला ३६ झाले. बँकेत सोन्यावर कर्ज वर्षाला साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेर मिळतं. आणि ते मोबाईलवर पाच मिनिटात लोन देणारे, त्यांच्या तर सावलीला जाऊ नये. सासूबाईंनी पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या होत्या, मी म्हणलं आई, आधी कंपनीकडचे येऊ देत, सरकारकडचे येऊ देत, मग यांचं बघू. त्या जरा दुखावल्या कारण त्यांना काहीतरी द्यायचं होतं. मग भिशीचा नंबर त्यांनी त्यांच्या मैत्रिणीशी बदलून आधी घेतला आणि शाळेच्या बसचे पैसे त्यातून गेले. पाटल्या अजून त्यांच्या हातात आहेत.

आता घरातलं. आमच्याकडे पहिल्याच रविवारी सगळ्यांना बसवून सांगितलं, मुलांसकट. दीर म्हणाले मुलांना कशाला. पण ११ जणांच्या घरात गुपित राहतं कुठे, पोरांना अर्धवट कळतं आणि ती जास्त घाबरतात. फ्रीजशेजारी खिळ्याला दोऱ्याने एक वही टांगली, पेन त्यालाच बांधलं (नाहीतर पेन तासभर टिकत नाही आमच्याकडे), आणि नियम केला की जो खर्च करेल त्याने लिहायचं, कुणी कुणाला विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात सासऱ्यांनी स्वतःच्या अक्षरात ‘विडी २०’ लिहिलं. कुणी काही बोललं नाही. पुढच्या आठवड्यात ‘विडी १०’ झालं. आत्याबाईंनी देवळात टाकलेले पाच रुपये सुद्धा लिहिले. भांडणं झाली नाहीत असं नाही, दुधावरून झालंच. रोज तीन लिटर यायचं, मी अडीच करू म्हणलं, तर जाऊबाईंना वाटलं मी त्यांच्या धाकट्याचं दूध तोडतेय कारण माझी दोन्ही मुलं मोठी. दोन दिवस स्वयंपाकघरात फक्त भांड्यांचे आवाज. शेवटी मोठ्यांचा दुपारचा चहा कोरा करायचं ठरलं आणि मुलांच्या दुधाला हात लावला नाही. हे आधीच ठरवायला पाहिजे असं मला वाटतं, की कुठल्या गोष्टीला हात लावायचा नाहीच. आमच्यात तीन ठरल्या: मुलांचं दूध, म्हाताऱ्यांच्या गोळ्या, पुतणीचा डिप्लोमा. बाकी सगळ्यावर वाद घालायला मोकळीक.

पुतणीचं बरं झालं. २०२४-२५ पासून ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. तिच्या कॉलेजात आधी पूर्ण फी भरा, नंतर परत मिळेल असं सांगितलं होतं. पोरगी धीट, जीआर ची प्रिंट घेऊनच गेली.

लग्नाकार्याचं पण एक ठरवलं, घरातून एकच आहेर, एकच पाकीट, दोन भावांची दोन नाहीत. आणि बाहेरगावी कार्य असलं तर आत्याबाई पुढे. त्यांना पंच्याहत्तर पूर्ण आहेत, एसटी फुकट, आम्हा बायकांना अर्ध तिकीट. पुरुष घरी. याने आमचे पुरुष जेवढे खुश झाले तेवढे त्या वर्षात दुसऱ्या कशाने झाले नसतील.

आता संपादक साहेब, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. मोठ्या घराकडे बघताना सगळीकडे ‘कुटुंब’ मोजतात, तोंडं मोजत नाहीत. महावितरणचं बिल घ्या. १०० युनिटपर्यंत एक दर, ३०० पर्यंत त्याच्या वर, ५०० पर्यंत अजून वर. चार जणांचं घर दीडशे दोनशेत भागतं. आमचे ११ जण एका मीटरवर म्हणजे ३०० ची रेघ ओलांडणारच, माणशी बघितलं तर आम्ही त्यांच्यापेक्षा कमी वीज वापरतो आणि वरच्या युनिटांना दर मात्र श्रीमंताचा. रेशनचं घ्या. शहरात मोफत धान्याला घराचं वार्षिक उत्पन्न ५९,००० च्या आत पाहिजे, खेड्यात ४४,०००. आता ५९,००० म्हणजे महिन्याला पाच हजाराच्या सुद्धा आत, ११ माणसांना. दोघा जणांच्या घरालाही तीच रेघ आणि आम्हालाही तीच. ह्यांचा पगार बंद झाला तरी दिरांचे टेंपोचे चौदा पंधरा हजार येत होते, झालं, आम्ही श्रीमंत. आमचं केशरी कार्ड आहे पण त्यावर धान्य नाही. गंमत म्हणजे एकदा यादीत बसलात की धान्य मात्र माणशी ५ किलो मिळतं, म्हणजे आमचं ५५ किलो झालं असतं, आमचा महिन्याचा गहू तांदूळ जवळजवळ निघाला असता. द्यायचं माणशी आणि पात्रता ठरवायची घरटी, हा कुठला हिशोब?

एजंटने यावर उपाय सांगितला, कार्ड वेगळं करा, चूल वेगळी दाखवा, मीटर दुसरं घ्या, दोन घरं झालात की सगळीकडे बसाल. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तो हिशोबाने बरोबरच बोलत होता. दिरांनाही पटत होतं. पण सासरे म्हणाले मी असेपर्यंत चूल एकच. मी मनात म्हणलं तुम्ही म्हणताय ते ठीक आहे पण बिल मी भरते. आणि खोटं दाखवायचं तर आत्याबाईंना कुठल्या चुलीवर दाखवायचं, ते कुणी बोललं नाही, पण त्या दारातच बसल्या होत्या, ऐकत. विषय तिथेच थांबला. सासूसासऱ्यांना, एकट्या पडलेल्या नणंदेला, आत्याला सांभाळणाऱ्या घराला उलट काहीतरी सवलत मिळायला हवी, इथे सरळ फोडा म्हणतात. एवढंच बरं की महात्मा फुले योजना आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू आहे, कार्डाचा रंग बघत नाहीत, ५ लाखापर्यंतचे उपचार, त्यामुळे दवाखान्याच्या नावाने पोटात येणारा गोळा थोडा लहान झालाय.

सध्या हे सातपूरला एका वर्कशॉपला जातायत, पगार पहिल्यापेक्षा कमी आहे, मी फॉल पिको आणि ब्लाऊज घेते. भागतंय. कंपनीकडून आलेल्या पैशातून बाईकचं लोन फेडून टाकलं कारण दर महिन्याचा हप्ता बंद झाला की छातीवरचं ओझं उतरतं, थोडे बँकेत मुलांच्या नावाने ठेवले, पीएफचा मोठा भाग तसाच ठेवलाय. तज्ज्ञ लोक म्हणतील गुंतवायला हवे होते. म्हणू देत.

माझी विनंती एवढीच आहे की बचतीचे लेख छापा, नको म्हणत नाही, पण आठवड्यातून एकदा अर्ध्या कॉलमची चौकट द्या. त्यात नोकरी गेल्यावर पहिल्या महिन्यात कुठला कागद मागायचा, कशावर सही करायची नाही, ग्रॅच्युइटीचा हिशोब कसा करायचा, ईएसआयचा अर्ज कुठे, पीएफचं नाव कसं दुरुस्त होतं, फी माफीची शेवटची तारीख काय. नाशिकच्या आवृत्तीत नाशिकच्या ऑफिसांचे पत्ते आणि वेळा. अंबड सातपूरला तुमचा पेपर चहाच्या टपरीवर दहा दहा जण वाचतात, ते कापून खिशात ठेवतील. आणि मोठ्या कुटुंबांना वीज आणि रेशनच्या मर्यादा माणशी लावाव्यात यावर तुमच्या वार्ताहराने एकदा आमच्या आमदार खासदारांना विचारावं, आम्ही विचारलं तर ‘निवेदन द्या’ म्हणतात.

पत्र फार लांबलंय, तुम्ही कात्री लावणार हे माहितीय. दुधाचं भांडण कापा, आहेराचं कापा, जाऊबाई पण तुम्हाला दुवाच देतील. राजीनाम्याचं आणि ईएसआयचं तेवढं ठेवा.

आपली नम्र,
एक वाचक, सिडको, नाशिक